गमरे सरांचं ट्रेनिंग

गमरे सरांना बास्केटबॉल खेळताना मी कधी पाहिलं नाही. उंची पाच फूट एक, तीही बुटात. पोलादपूरच्या आमच्या हायस्कुलात ते पीटीचे शिक्षक आणि मी ऑफिसात लिपिक. दोघंही महाडचे, त्यामुळे सकाळची एसटी एकच. नोकरीतलं निम्मं आयुष्य मी गाडीत त्या माणसाच्या शेजारी बसून बास्केटबॉल ऐकला. ऐकलाच म्हणायचं, कारण सरांचा खेळ चालायचा मोबाइलात.

मला हे प्रकरण समजायलाच दोन महिने लागले. जगभरातली रिकामटेकडी माणसं एकेक संघ घेऊन बसलेली. स्वतः चेंडूला हात लावायचा नाही. कोणाला कुठं उभं करायचं आणि कोणाला काय शिकवायचं, एवढंच ठरवायचं. सामना तिकडं संगणक खेळणार, आपण नुसता निकाल बघायचा. "मग ह्यात तुम्ही करता काय?" मी विचारलं. सर असे दुखावले की विचारू नका. "ट्रेनिंग करतो, बाई. ट्रेनिंग!"

आठवड्याला एकच गोष्ट शिकवता यायची. पासिंग म्हणजे पासिंग, रिबाउंड म्हणजे रिबाउंड, दोन्ही एकदम नाही. आणि जो खेळाडू त्या आठवड्यात त्या जागेवर अख्खा सामना खेळला, त्यालाच ते शिक्षण लागू. म्हणजे साडेसहा फुटी धिप्पाड माणसाला पासिंग शिकवायचं, तर त्याला बुटक्यांच्या जागी उभा करायचा आणि हरायचं. सर हरायचे. आनंदानं हरायचे. शुक्रवारी सकाळी ट्रेनिंगचा निकाल लागायचा. गाडीतल्या गर्दीत मोबाइल कपाळाला लावल्यासारखा धरून सर बघत बसायचे, कुणाच्या नावापुढं हिरवा बाण आलाय का. आला, तर पायरी चढली. पायऱ्यांना त्यांनी आपली नावं दिली होती: ढ, कच्चा, बरा, चांगला, पक्का, उस्ताद. कच्च्याचा बरा व्हायला कधी दीड महिना लागायचा. कुणी काहीही विचारलं, शाळेच्या पत्र्यापासून स्वतःच्या बदलीपर्यंत, सरांचं उत्तर एकच: "शुक्रवारी कळेल."

एका शुक्रवारी त्यांनी शिक्षकखोलीत पेढे वाटले. हेडमास्तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "काय, मुलगा पास झाला वाटतं?"

"पिंट्या पक्का झाला, सर. रिबाउंडमध्ये."

"कोण पिंट्या?"

"लिथुआनियाचा हाय."

पिंट्याचं खरं नाव कुणालाच उच्चारता येत नव्हतं म्हणून तो पिंट्या. अठराव्या वर्षी त्यांच्या संघात आला आणि सरांनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. स्पेनचा कोणी मालक त्याला मागत होता. सर नाही म्हणाले. नंतर दुसऱ्या कुणी मागितला, तेव्हाही नाही. "अजून डावा हात कच्चा हाय त्याचा. कच्चा माल मी बाहेर देत नाय. पुरा घडवीन, मग जाऊ दे कुठं जायचंय तिकडं." मी म्हटलं, अहो, तिकडं नाही का शिकवणार कोणी? तर म्हणाले, "तिकडं खेळवतील, शिकवणार नाय." मेलं, मोबाइलातल्या पोरावर एवढा जीव! माझी करमणूक व्हायची. एकदा म्हणाले, ह्या खेळात सगळे खेळाडू एकाच दिवशी एका वर्षानं मोठे होतात. मी म्हटलं, मग आमच्या जनरल रजिस्टरसारखंच की. खेड्यापाड्यात घरी जन्मलेल्या पोरांची तारीख कुणी टिपून ठेवलेली नसायची, शाळेत घालताना गुरुजी सरसकट एक जून टाकायचे. माझ्या रजिस्टरात एक जूनची रांगच्या रांग. सर स्वतःही एक जूनचेच. दोघंही गाडीत किती हसलो होतो.

वनिता ढेबे आठवीला आमच्याकडं आली. आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथून दीड तास उतरून यायची, तेवढाच चढून जायची. हाडापेरानं मोठी, पाचवीपासूनच मुलग्यांच्या वर डोकं. एकदा मधल्या सुट्टीत डबे पळवायला वानर व्हरांड्यात शिरलं आणि पोरी किंचाळत पळाल्या. वनितानं लांबूनच खडा मारला. तो वानराच्या कानाजवळून खांबावर बसला आणि वानर पसार.

"चुकला गो तुझा," सर म्हणाले.

"नाय चुकला, सर. लागू द्यायचा नव्हता."

सर तसेच उभे राहिले. नंतर ऑफिसात आले, माझ्या टेबलासमोर बसले आणि एका दमात तांब्याभर पाणी प्यायले. मला वाटलं, तब्येत बिघडली. मग म्हणाले, "बाई, आपल्याला पोरगी सापडली."

शाळेत कोर्ट नव्हतं. मागच्या जांभ्याच्या मैदानात एका खांबाला रिंग होती, तिला जाळी नाही. पावसात व्हरांड्यात चेंडू आपटायचा, वर्गातले शिक्षक बोंब मारायचे. पण सरांनी मोबाइलात जे केलं तेच तिथं केलं. महिनाभर नुसतं ड्रिब्लिंग. रिंगकडं बघायचं नाही. तालुक्याच्या सामन्यात संघातली सगळ्यात उंच पोरगी त्यांनी चेंडू आणायला मागं उभी केली. आम्ही सडकून हरलो. पालक चिडले, हेडमास्तर चिडले. सर गाडीत शीळ घालत होते. "पायरी चढली, बाई. हरलो हे खरं. पण पोरीची पायरी चढली."

एप्रिलात पत्र आलं. मुलींसाठी निवासी क्रीडा केंद्र, राहणं-जेवण-शिक्षण तिकडंच, निवड चाचणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अलिबागला. वयाची अट, पंधरा पूर्ण नसावीत. मीच ते पत्र सरांच्या हातात दिलं. उडी मारतील असं वाटलं होतं. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

"यंदा नाय पाठवत."

"का?"

"डावा हात कच्चा हाय. तिकडं नुसती उंची बघून घेतील आणि बास्केटखाली उभी करतील. शिकायची राहील ती. एक वर्ष द्या मला."

"अहो सर, पाठवून तर बघा. नाही घेतली तर पुढच्या वर्षी आहेच."

"वय हाय तिच्याकडं. आईला विचारलंय मी. शिमग्याच्या आधीची, म्हशी वरच्या माळावर होत्या तेव्हाची. आत्ता कुठं तेरावं लागलंय."

आईला विचारलं. मला नाही विचारलं. रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर. आणि मी? मी तर तिचा दाखला बघून स्वतःच्या हातानं तारीख उतरवली होती. मलाही उठून बघायची बुद्धी झाली नाही. स्कॉलरशिपचे फॉर्म भरत होते मी. ह्या एका गोष्टीसाठी स्वतःला इतक्या वेळा शिव्या घातल्यात की आता शिव्याही संपल्या.

ते वर्ष डाव्या हाताचं. सर ओढणीनं तिचा उजवा हात कमरेला बांधायचे आणि पोरगी एका हातानं मैदानभर चेंडू नाचवायची. दुधाची कॅन डाव्या हातात, दप्तर डाव्या खांद्यावर, वानराला खडा डाव्या हातानं. शेवटी तिची आई डोंगर उतरून शाळेत आली. काखेत दुधाचा तांब्या, सरांसाठी आणलेला, पण तोंड असं की तांब्या डोक्यात घालते की काय.

"सर, पोर डाव्या हातानं जेवती. पावन्यांसमोर. ह्ये काय वळन लावलंव?"

"थोडे दिवस, वहिनी. मोठी होणार हाय पोरगी."

"मोठी तर ती हायेच. मावत नाय दारात."

सर हसले, मी हसले, शेवटी तीही हसली. जेवण तेवढं उजव्या हातानं, असं ठरलं. जाताना तिनं मला हळूच विचारलं, "बाय, खरंच न्येतील का गो तिला?" मी म्हटलं, नेतील. का नाही नेणार?

तो आठवडा माझ्या नीट लक्षात आहे. मे महिना, शाळेला सुट्टी, तरी ती रोज उतरायची. खिडकीतून मला दिसायचं, उजव्यानं करते का डाव्यानं, काही कळायचंच नाही. सर खांबाला टेकून उभे होते. शिट्टी तोंडात, पण वाजवायची विसरलेली. आत येऊन म्हणाले, "पक्का. बाई, डावा हात पक्का झाला." पिंट्याच्या वेळी पेढे वाटले होते. ह्या वेळी नुसते खुर्चीत बसले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले.

जूनमध्ये अलिबागच्या चाचणीला, मुलीबरोबर बाईमाणूस हवं म्हणून, मीही गेले. बोनाफाईड मीच टाइप केलं होतं. रोज दहा बोनाफाईड टाइप करणारी बाई आकडे टाइप करते, वाचत नाही. हेडमास्तरांनी सही ठोकली. सरांचा तर कागदांशी कायमचा उभा दावा, प्रवेशिकासुद्धा मीच भरायची.

टेबलाशी एक तरुण अधिकारी होते. त्यांनी कागद बघितला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, परत कागद बघितला.

"मॅडम, ही बसत नाही. एक जूनला पंधरा पूर्ण झाली."

"नाय, नाय," सर पुढं आले. "तेराची हाय ती. काहीतरी चूक हाय."

अधिकाऱ्यांनी कागद त्यांच्याकडं फिरवला. सरांनी तो पहिल्यांदा वाचला. मीही, खरं सांगायचं तर, पहिल्यांदाच वाचला.

नंतर उलगडा झाला. वाड्यावरच्या प्राथमिक शाळेत पोरं कमी पडत होती. पट भरला नाही तर शाळा बंद. तिथल्या गुरुजींनी सव्वाचार वर्षांच्या वनीला सहाची करून पटावर घेतली, वाड्याची शाळा वाचावी म्हणून. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. एक जून खोटा असतो हे सरांना ठाऊक होतं. अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. वर्षही खोटं असेल हे मात्र त्यांच्या मनात आलं नाही.

बाहेर वनिता वाट बघता बघता चेंडू आपटत होती. अधिकारी उठून दारापर्यंत गेले, उभे राहून बघत राहिले. डावा, उजवा, पायांतून, पाठीमागून. पाच मिनिटं तरी. मग वळले. माणूस चांगला होता, म्हणूनच असं बोलला असणार.

"सर, गेल्या वर्षी का नाही आणलीत हिला?"

गमरे सरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मी त्यांच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. बाहेर आलो तेव्हा वनितानं विचारलं, "कवा हाय माझा नंबर?" ते मला सांगावं लागलं. ती रडली नाही. चेंडू जाळीच्या पिशवीत घातला, तोंडाला गाठ मारली आणि म्हणाली, "मग घराकडं जावया. म्हशी हायत." परतीच्या गाडीत सर एकटेच मागच्या बाकावर बसले.

पुढं महाडच्या कोर्टाच्या फेऱ्या झाल्या. जन्माची नोंद कुठंच नाही, गुरुजी निवृत्त होऊन वारलेले. कागदावरचं वय बदलायचं तर आधी नोंद हवी, नोंद करायची तर पुरावा हवा, आणि पुरावा काय, तर वरच्या माळावरच्या म्हशी! वकील सज्जन होते, त्यांनी स्पष्टच सांगितलं, व्हायला दोन-तीन वर्षं जातील आणि झालं तरी त्या वेळेपर्यंत ती मोठी झालेली असेल. सर तरीही जात राहिले. सुट्ट्या टाकून टाकून जात राहिले. दहावी झाली, वनिता वाड्यावर राहिली, मैदानावरची रिंग एका पावसाळ्यात गंजून खाली आली. कुणी परत लावली नाही.

मला वाटलं होतं, झालं ते एवढंच. कसलं काय.

अलिबागनंतर तीन वर्षांनी, शाळा नुकती सुरू झाली होती, वनिताचा बाप ऑफिसात आला. दाखला उंदरांनी कुरतडला होता, दुसरी प्रत हवी होती. "लगीन हाय पोरीचं. ग्रामसेवक वयाचा कागूद मागतो." मी रजिस्टर काढलं. जन्मतारीख एक जून. अठरा पूर्ण, त्याला दोन आठवडे झालेले.

सर दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"बाई, नका देऊ."

मी रजिस्टरातल्या तारखेवर बोट ठेवून बसले.

"सव्वासोळा वर्षांची हाय ती. तुम्हाला माहीत हाय. ह्यांनाही माहीत हाय." मग बापाकडं वळले. "दादा, ऐका माझं. पोर लहान हाय अजून. दोन वर्षं थांबा."

बाप डोंगरातला गरीब माणूस. आवाजही चढवला नाही त्यानं. "सर, अलिबागला तुमीच न्येलंव ना तिला? तवा म्हनलंव, वय जास्ती भरतंय, आन् परत आनलंव. म्या काय बोललो? नाय बोललो. मग आता त्येच वय कमी कसं झालं?"

सर हात वर करून तसेच राहिले, शिक्षक वर्गाला गप्प करताना करतो तसा हात, आणि ऑफिसात तर कुणी बोलतच नव्हतं. मी हेडमास्तरांकडं गेले. ते म्हणाले, रजिस्टरप्रमाणे द्या, आपण काय करणार. परत येऊन मी दाखला लिहिला. अक्षरी तारीख लिहिली. शिक्का मारला. सर तोवर तिथंच होते. मी हात आखडता घेतला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. सरांनीही नाही.

सरांनी बालविवाहाची तक्रार केली. माणसं आली, कागद बघितला, चहा घेऊन गेली. कागद पक्का होता. लग्न झालं. पोरगी घाटापलीकडं दिली. हळदीच्या अंगानं ती शाळेच्या रस्त्यावरून जीपमधून गेली तेव्हा सर नववीची कवायत घेत होते, असं शिपाई सांगतो. जीप दिसेनाशी होईपर्यंत पोरं सावधानमध्ये उभी होती. विश्राम म्हणायला सर विसरले.

त्यानंतर गाडीत आमचं शेजारी बसणं बंद झालं. भांडण नव्हतं. ते मागं बसायचे, मी पुढं. शुक्रवार यायचे आणि जायचे. एकदा धीर करून विचारलं, पिंट्या कसा आहे? "म्हातारा झाला. घसरतोय," म्हणाले. पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात हेडमास्तर त्यांच्या कार्याबद्दल पंधरा मिनिटं बोलले. सरांना बोलायला सांगितलं तर उठले, "येतो," म्हणाले आणि बसले.

गेल्या थंडीत माझ्या नणंदेच्या गुडघ्यांसाठी आम्ही महाडजवळच्या सव गावी गेलो. तिथल्या गरम पाण्यात पाय सोडले की आराम पडतो म्हणतात. कुंडाच्या पायरीवर सर दिसले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पिंढऱ्या अगदी काड्या झालेल्या. मला बघून सरकले, जागा करून दिली. मीही पाण्यात पाय सोडले.

"येतं का कुणी वाड्याकडचं?" मी विचारलं.

"वनीची आई भेटली होती बाजारात. पोरीला दुसरं झालं म्हणाली." मग बोटांवर मोजून म्हणाले, "एकोणीस पुरी नसेल."

हातात मोबाइल होताच. तोच खेळ. मला बरं वाटलं, म्हटलं चला, काहीतरी उरलंय. डोकावून बघितलं. संघ कुठला, मोडका बाजार. सगळे म्हातारे, सगळे हरणारे, गेल्या सामन्यात ऐंशी गुणांनी हार. नव्या हंगामाची तीन नवी पोरं आलेली. सर एकेकाला काढून टाकत होते.

"अहो, हे काय करताय?"

"सोडतोय. सोडला की दुसरा कुणीतरी उचलतो."

"एखाद्याला तरी ठेवा. शिकवा की. तुमच्यासारखं शिकवणारा कोण आहे?"

"शिकवायला वेळ लागतो, बाई."

दोन गेले. तिसरा उरला, त्याचं चित्र पडद्यावर मोठं झालं. लांब मान, कान बाहेर आलेले, कुठल्या देशाचा कुणास ठाऊक.

"वय काय ह्याचं?" मी विचारलं.

"अठरा."

"खरं अठरा?"

तोंडातून निघून गेलं. जीभ चावली मी, पण निघून गेलं. सर माझ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं. राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

"हितं खरं असतं, बाई," सर म्हणाले, आणि त्यांनी त्यालाही सोडून दिलं.